स्कॉटलंडची चौथी जागा

मत्सर करायचा तर घरच्याच माणसाचा करावा. शेजाऱ्याचा मत्सर करायला त्याच्या दारावरून जावं लागतं. बायकोचा सकाळच्या चहापासून सुरू करता येतो.

दोन वर्षं मी आणि जुनवानी वस्तीतले माझे मित्र डॉक्टर स्कॉटलंडला गोल्फ खेळायला जायचे बेत करत होतो. बेत म्हणजे माझा व्हरांडा, डॉक्टरांचा मोबाइल आणि गरम भजी. डॉक्टरांचा धाकटा भाऊ तिकडेच राहतो. समुद्राकाठच्या जुन्या मैदानांवर आमची नावं लावायचं त्यानं कबूल केलं होतं. लिंक्स म्हणतात त्या मैदानांना. झाड नाही, आडोसा नाही, वाळूच्या टेकाडांवर खुरटं गवत आणि समुद्रावरून येणारा वारा. मी तिथे पाऊल ठेवलं नव्हतं, पण कुठल्या होलला वारा कुठून येतो हे मला भिलाईत बसून तोंडपाठ होतं. स्टील प्लांटमध्ये शिफ्ट बदलताना लोक उन्हाबद्दल बोलायचे, मी स्कॉटलंडच्या पावसाबद्दल.

चौघं एकत्र खेळतात. डॉक्टर, त्यांची बायको आणि भाऊ हे तिघं झाले. चौथी जागा एकच, आणि आमच्या घरात खेळणारे दोघं. आई मागच्या वर्षी न्हाणीत पडली, तेव्हापासून आम्हा दोघांपैकी एकानं तिच्याजवळ राहायचंच. चौथा मी, हे मी इतकं धरून चाललो होतो की कुणाला विचारायचं सुचलंसुद्धा नाही.

बायकोला गोल्फ शिकवला तो मीच, मरोद्याकडच्या आमच्या मैदानावर. मैदान आपलं म्हणायचं. उन्हाळ्यात माती विटेसारखी कडक, आणि शेवटी जिथे हिरवळ हवी तिथे जळकं तेल घालून दाबलेली वाळू. आपलं खेळून झालं की मागून येणाऱ्यासाठी तिच्यावरून गोणपाट ओढायचं. माझा चेंडू उंच जातो, इतका देखणा की लोक उभे राहून बघतात. तिचा जमिनीला धरून उंदरासारखा पळतो. मी हसायचो त्याला.

मग एका संध्याकाळी डॉक्टरांनी माझीच भजी खात मला सांगितलं, "वहिनी आल्या तर हिले सोबत होऊन जाईल. नाहीतं ही म्हणते, तीन आदमियों में मैं अकेली क्या करूँ."

मी हसलो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी येते न."

भजं माझ्या हातातच राहिलं. पण मी इतक्यात हार मानणारा नव्हे. दुसऱ्या दिवशी भीतीचा प्रयोग लावला. आवाज खाली नेला, डोळे मोठे केले.

"तिकडं वारा एवढा हाये का माणूस उभा राहात नाही."

"मे महिन्यात इथल्या गरम लूमध्ये उभी राहातो मी. मले कावून भेव दाखवून राहिले?"

"खायले उकडलेले आलू भेटतात नुसते."

"भेटू द्या. आलू उकडले तं उकडले, मी तं नाही न उकडत."

आता आशा फक्त आईवर. बायको ऐकेल अशा बेतानं मी पलंगावर टेकलो आणि सुस्कारा टाकला. "आई, तुले हिच्याच हातचा चहा लागते, नाही का?"

आईनं टीव्हीवरून नजर हलवली नाही. "आठ दिवस झाले, तुयाच हातचा पेऊन राहिली मी."

खरंच की. गेले आठ दिवस बायको कसल्या ना कसल्या निमित्तानं बाजूला सरत होती, आणि आईच्या गुडघ्यांना तेल, वेळच्या वेळी गोळ्या, दुधात भिजवलेली पोळी, हे सगळं मी करत होतो. तेही हौसेनं, श्रावणबाळासारखा चेहरा करून. ती माझी परीक्षा होती आणि मी पहिल्या नंबरानं पास झालो होतो.

"जाऊ दे न तिले," आई म्हणाली. "तुया बापाजवळ रेल्वेचा पास होता, तरी मले नागपूरच्या पुढं नाही नेलं त्यानं."

मी उठून तिच्यासाठी चहा टाकला.

त्यानंतर मी रीतसर जळायला लागलो. व्हिसा तिचा, पावसाचं जाकीट तिचं, नवे बूट तिचे. व्हरांडा माझा, बेत माझा, आणि डॉक्टर विचारतात, "वहिनी, पहिल्या दिवशी कुठं खेळू या?" जे मैदान मी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं, डोहाळजेवणातल्या शेवटच्या पक्वान्नासारखं, ते तिनं पहिल्या दिवशी टाकलं. का तर तेव्हा पाय दुखत नसतील. मी भजी तळायला आत गेलो.

मात्र एक हुकमाचं पान मी लपवून ठेवलं होतं. लिंक्सवर चेंडू हिरवळीबाहेर पडला तरी उचलून मारायचा नाही. पटर घ्यायचा, चेंडू नुसता घरंगळवायची ती काठी, आणि लांबूनच ढकलायचा; वाऱ्याला तो सापडत नाही. हे मी तिला सांगितलं नाही. तिकडे लोकांसमोर ती माझ्यासारखाच उडवायला जाईल, जाऊ दे. या विचारानं मला किती दिवस गोड वाटत होतं, सांगून पटणार नाही.

निघायच्या सकाळी रायपूर विमानतळासाठी डॉक्टरांची गाडी फाटकाशी लागली. बायको आईच्या पाया पडली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. परदेशी कधी गेलेली नाही. चेहरा उतरला होता.

"माया एकटीचाच खेळ खराब झाला तं? लोक हासतील न."

माझ्या तोंडून निघूनच गेलं. "आयक, चेंडू बाहेर पडला तरी पटर घे. लांबूनच घरंगळव."

तिनं पिशवी खांद्यावर घेतली. "मंग इथं दुसरं काय करतो मी? या कडक जमिनीवर उचलला तं टप्पा खाऊन नाल्यात जाते. तुमचा नाही का जात."

गाडी गेली.

तिसऱ्या दिवशी फोटो आला. चौघं समुद्राकडे पाठ करून उभे, तिचे केस वाऱ्यानं सगळे एका बाजूला. खाली लिहिलेलं, "वारा ठीक हाये. मी जिंकली."

आईनं फोन जवळ घेतला. "गोरी दिसून राहिली."

मी फोटो मोठा केला. दोन बोटांनी डॉक्टर सारले, त्यांचा भाऊ सारला, बायकोही सारली. मागे सतरावा होल दिसत होता, आणि झेंडा उजवीकडे फडफडत होता. म्हणजे डावीकडून खेळायला हवं. मी असतो तर डावीकडूनच खेळलो असतो.