खांद्यावरचा हात

गेल्या शनिवारी संध्याकाळी नेरूळच्या एका छोट्या हॉलमध्ये आमच्या लेकीचा, जुईचा डान्स होता. मी आणि आमचे हे, दोघं गेलो होतो... म्हणजे मी गेले आणि यांना अक्षरशः ओढून नेलं.

जुईने आठ महिन्यांपूर्वी महापेची आयटीतली चांगली नोकरी सोडली आणि पूर्णवेळ डान्सच करायचं ठरवलं. त्या दिवसापासून हे तिच्याशी बोलत नाहीत. समोर बसली तरी तिच्याकडे बघत नाहीत... "तिला सांग जेवून घे म्हणावं." आणि ती बसलेली असते तीन फुटांवर!

हे स्वतः एकतीस वर्षं महापेलाच एका कारखान्यात होते, प्रेस शॉपला. दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या मशिनींचा दणदणाट, त्यात कान अर्धे गेले. त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार यांना जमतच नाही.

मी मात्र तयारीनिशी गेले होते. कंटेम्पररी डान्स म्हणजे काय ते यूट्यूबवर बघून ठेवलं होतं... त्यात म्हणे रंगापासून बोटापर्यंत सगळ्याला काहीतरी अर्थ असतो, तो आपण शोधायचा.

लाईट लागले. तीन मुली, निळे कपडे, आणि मागे ठक... ठक... ठक असा एकच आवाज. मी लगेच ताडलं, निळा म्हणजे आपली खाडी आणि ठकठक म्हणजे काळजाचे ठोके. मग जुईने दोन बोटं वर केली आणि मूठ तोंडाजवळ नेली. माणसाचं एकटेपण, दुसऱ्या जीवाची तहान... मी स्वतःवरच खूश!

तेवढ्यात हे मोठ्याने म्हणाले, "दोन चहा सांगितले."

अख्ख्या हॉलने वळून बघितलं. मी यांच्या दंडाला चिमटा काढला. पुढे जुईने गळ्यावरून आडवा हात फिरवला, मी मनात 'मृत्यू' म्हणतेय तोवर हे परत, "मशीन बंद कर म्हणाली." कप्पाळ माझं! म्हटलं, हात जोडते, गप्प बसा. मग मात्र हे खरंच गप्प झाले. पुढे सरकून खुर्चीच्या अगदी टोकावर बसले.

शेवटी एक मुलगी एकटीच वाकून काम करत राहिली, थकून पार मोडलेली. जुई मागून आली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला. ती मुलगी निघून गेली, तिच्या जागी जुई उभी राहिली... आणि अंधार.

टाळ्या झाल्या. मग प्रेक्षकांशी गप्पा होत्या, कोणाला काय दिसलं ते सांगायचं. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ अगदी ठामपणे म्हणाले, "नवीन पिढी जुन्या पिढीला बाजूला सारतेय. तुमची सद्दी संपली, असं सांगतेय."

मलाही अगदी तेच दिसलं होतं. वाटलं, संपलं... आठ महिन्यांचा अबोला आता जन्माचा होणार. अगं जुई, बापाला बोलावून हे दाखवायचं होतं का तुला?

आणि हे उभे राहिले.

"नाही हो," हे म्हणाले, "बाजूला नाही सारलं. रिलिव्हर आली ती."

मग सांगायला लागले. प्रेस शॉपमध्ये आवाजात बोलता येत नाही, म्हणून सगळं हातांनीच चालतं. शिफ्ट संपली तरी पुढचा माणूस आल्याशिवाय मशीन सोडायची नाही, मग कितीही थकलेले असा. तो मागून येतो, खांद्यावर हात ठेवतो. म्हणजे... मी आलोय, आता तू घरी जा.

जुई लहान असताना ही बापलेक जेवताना असेच हात करून खिदळायची, आणि मी ओरडायचे, माकडचेष्टा पुरे म्हणून. संसाराची इतकी वर्षं झाली, पण तिथे तुम्ही बोलता कसे, हे मी यांना एकदाही विचारलं नव्हतं. पोरीने मात्र सगळं लक्षात ठेवलं.

"पण हिचं एक चुकलं," हे म्हणाले. जुईचा चेहरा उतरला. मी डोळेच मिटून घेतले.

डोळे उघडले तर हे चक्क स्टेजवर! तिच्याकडे पाठ करून वाकून उभे राहिले, जणू समोर मशीनच आहे. म्हणाले, "हात ठेवून लगेच काढायचा नाही. माणूस दचकतो, त्याची बोटं जातात. तो काम थांबवून वळून बघेपर्यंत हात तसाच ठेवायचा. ठेव."

जुईने हात ठेवला. हे वळले नाहीत... तसेच वाकून उभे. मला वाटतं, यांना वळताच येत नव्हतं. मी पाचव्या रांगेतून बघत होते, तिने हात काढला नाही.

मग हे वळले. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी, आणि मी तर काय, पदर तोंडाला लावून चक्क हुंदके देत होते. हे म्हणाले, "हां... आता बरोबर," आणि मशीन तिला देऊन बाजूला झाले.

डान्समधलं मला काही कळत नाही, हे आता जाहीर झालंच आहे. पण पोरीने हात काढला नाही आणि बाप वळला... दोघांचेही मनापासून आभार.