दत्ताविरुद्ध मी 'सावकाश' लावलं

गेल्या रविवारी जयगडला जाऊन आलो. खरं तर जावं लागलं... आठवडाभर दत्ता माझा फोन उचलत नव्हता.

दत्ता माझा शाळेपासूनचा मित्र. जन्मभर जहाजावर नोकरी केली, आता जयगडला घरी अंथरुणावर आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी "आता घरीच ठेवा" म्हणून परत पाठवलं. त्याचा अर्थ त्यालाही कळतो, मलाही.

आम्ही दोघं तीन वर्षं मोबाईलवर बास्केटबॉलचा एक गेम खेळतो. त्यात आपण बॉल टाकायचा नसतो, टीम सांभाळायची असते. खेळाडू निवडायचे, सराव ठरवायचा, आणि शनिवारी संध्याकाळी सामना आपोआप होतो. हसू नका... माडाच्या खांबाला ठोकलेल्या एका रिंगखाली, जांभ्याच्या मैदानात, अनवाणी खेळलेली माणसं आहोत आम्ही. सत्तरीत गुडघे ऐकत नाहीत, एवढंच.

दर सामन्याआधी एक गोष्ट गुपचूप ठरवावी लागते. टीमने जोर किती लावायचा... सावकाश, नेहमीसारखा, की जीव तोडून? सावकाश खेळलात की टीमचा हुरूप साठतो. जीव तोडून खेळलात की तो झरझर उतरतो आणि पुढचे सामने जड जातात.

मी स्वभावाने साठवणारा. दत्ताचं उलट... समोर कोणीही असो, जीव तोडून! त्याच्या टीमचा हुरूप कायम तळाला. समजवायला गेलो की म्हणायचा, "कवी, तू हुरूपाचं लोणचं घाल. मला ताजा लागतो." शाळेत मला कविता भराभर पाठ व्हायच्या, तेव्हापासून मी त्याचा 'कवी'.

या सीझनचा शेवटचा सामना नेमका आमच्या दोघांत आला. तो हरला असता तर त्याची टीम खालच्या डिव्हिजनला जाणार होती, माझं काहीच अडलं नव्हतं. मनात आलं, पुढचा सीझन तो बघेल न बघेल... निदान वर तरी राहू दे. मी 'सावकाश' लावलं.

दत्ता सात पॉइंटनी जिंकला. मी हौसेने अभिनंदनाचा फोन केला. तो एवढंच म्हणाला, "रिपोर्ट बघितला मी." आणि फोन ठेवला.

सामना झाल्यावर दोन्ही टीमनी किती जोर लावला ते रिपोर्टमध्ये लिहून येतं. मला माहीत नव्हतं असं नाही, दर आठवड्याला चष्मा लावून मीच ते वाचतो... त्या दिवशी दयेच्या भरात विसरलो.

आणि दत्ताला तरी मी ओळखायला हवं होतं ना! सातवीत गुरुजींनी त्याला कविता म्हणायला उभं केलं होतं. तिसऱ्या कडव्यावर अडला. मागच्या बाकावरून मी हळूच ओळ सांगितली, ती त्याला ऐकू गेली हे मला त्याच्या लाल झालेल्या कानांवरून कळलं. तरी तोंड मिटून राहिला आणि दोन छड्या खाल्ल्या.

रविवारी सकाळची एसटी धरली. बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांच्या मागून, धूळ खात पोचलो. दारात शालन वहिनी. "आलात भावजी? जा आत. तुमच्यावरच डूख धरून बसलेत."

दत्ता उशीत रुतून गेला होता. माझ्याकडे न बघता बोलला. "घरात सगळी माझ्याशी हळू बोलतात. पेज हळू भरवतात, दारसुद्धा हळू लावतात. म्हटलं, एक मेला तरी माझ्याशी नीट खेळतो... आणि तू पण?"

मी खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसलो.

"मैत्रीचा सामना लाव," म्हणाला. "उद्या संध्याकाळचा. आत्ता, इथे बसून." आणि मी काय लावतो ते दिसू नये म्हणून भिंतीकडे वळायला लागला. त्या एका कुशीला त्याला किती वेळ लागला... वहिनी हात द्यायला आल्या, तर "नको" म्हणून झटकला.

माझी टीम सीझनभर साठवलेली, त्याची गळपटलेली. काय होणार हे दिसत होतं. अंथरुणातल्या माणसावर हात उगारावा तसं वाटलं... पण 'जीव तोडून' दाबलं आणि "झालं" म्हटलं. मग त्याने त्याचं लावलं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

सोमवारी दत्ता एकतीस पॉइंटनी हरला. फोन करायला मला तोंड नव्हतं. मंगळवारी सकाळी वहिनींचाच फोन आला.

"भावजी, काय केलंत काय? सकाळपासून उशीला टेकून बसलेत नि तुम्हाला शिव्या घालतायत! म्हणतात, तुमचा तो लांबडा प्लेअर चोरून आणलेला आहे."

मागून दत्ताचा आवाज आला. घोगरा, पण त्याचाच. "कव्याला सांग गो, शनिवारी परत!"

त्याच्या टीमचा हुरूप आता पार आटला आहे. तो हरतच जाणार. असे शनिवार अजून किती, हे आमच्यापैकी कोणी विचारत नाही... मी मात्र दर वेळी जीव तोडूनच लावणार आहे.

दत्ता, तू रागावलास म्हणून तुझे आभार. समजून घेऊन गप्प बसला असतास, तर तुझ्या जिवंतपणीच मी तुला गेलेला धरलं होतं, हे मला कधी कळलंच नसतं.