कॉलेजचा कांदा

भेटायला येणारा माणूस आधी ह्यांच्या फोटोला हात जोडतो. चहा होतो. मग हळूच म्हणतो, "सरांचा तो कांदा आठवतो का हो?" आणि एकाचे चार किस्से होतात! हे गेल्यापासून आमच्या ओटीवर असे इतके किस्से जमलेत, की काही तरी उतरवून ठेवावेत म्हटलं.

हे सावंतवाडीला एका नव्या कॉलेजात बॉटनी शिकवायचे. वर्ग इंटर सायन्सपर्यंतच. बी.एस्सी.ची परवानगी मिळाली नाही, तर मुलांना कोल्हापूर नाहीतर मुंबई, आणि मुलींना बहुधा चूल. ही एक गोष्ट ह्यांच्या मनाला लागून राहिली होती.

*

मायक्रोस्कोपखाली पेशी दाखवायला कांद्याची कोवळी मुळं लागत, पण लॅबमध्ये उंदीर फार. म्हणून मुळं धरायला कांदे आमच्या स्वयंपाकघरात, पाण्याच्या ग्लासांवर बसवलेले. सासूबाई कडाडल्या, "चातुर्मासात कांदो? माझ्या घरात?"

"आई, खावचो नाय. वाढवचो आसा."

"मगे देवापासून लांब वाढव!"

चार दिवसांनी त्याच हाक मारत होत्या, "रे, बघ, तुझ्या कांद्याक दाढी फुटली!" पाणीही रोज त्याच बदलायच्या. शेजारणीने विचारलं, "काकी, चातुर्मासात कांदो?"

"तो घरचो नाय गो. कॉलेजाचो आसा!"

*

मूळ नेमकं कुठे वाढतं, हे पाहायला मुलांनी अंकुरलेल्या वालाच्या मुळांवर सारख्या अंतराने शाईच्या रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी पाहतात तर वरच्या रेघा जागच्या जागी, टोकाजवळच्या मात्र एकमेकींपासून लांब गेलेल्या!

"पावलूने हात लावला!" सगळे ओरडले.

पावलू म्हणजे आमचा लॅब अटेंडंट, पावलू फर्नांडिस. त्याने हात जोडले. "अरे, माका इतकी बारीक रेघ मारूक इली असती, तर मी हंय बाटले धुयत बसलो असतंय?"

मग ह्यांनी उलगडा केला. टोकाशी एका पेशीच्या दोन होतात, किंचित मागे त्या लांब होतात, आणि टोक पुढे रेटलं जातं. जुना भाग जागचा हलत नाही.

*

हे ऐकून कुसुमने हात वर केला. वर्गात मोजक्याच मुली, त्यात बोलणारी ही एकटीच. "सर, आमच्या घरात वाटणी झाली तेव्हा सगळ्यांनाच कमी आलं. मग पेशीची वाटणी होऊन मूळ वाढतं कसं?"

वर्ग हसला. हे खूश! "कारण पेशी वाटणीच्या आधी आतली गुणसूत्रं दुप्पट करून घेते. मग कुणालाच कमी पडत नाही. तुझ्या काकांना जमेल का, विचार!"

पोरीने खरंच विचारलं. काकांचा निरोप आला, "तुझ्या सरांका सांग, आधी माझे माड दुप्पट करून दाखवा!"

*

तेव्हा दारूबंदी कडक. लॅबचं स्पिरिटसुद्धा परमिटवर. कापलेली मुळं त्यात ठेवली, की पेशी असेल त्या अवस्थेत थांबते. अशी एक बाटली कसालच्या शाळेला दाखवायला पावलू एस.टी.ने निघाला. वाटेत तपासणी झाली. हवालदाराने बूच काढून हुंगलं.

"काय रे, गोव्याची?"

"नाय साहेब, कॉलेजाची."

"आणि आत काय?"

"कांद्याची मुळां."

"मला शिकवतोस?"

पावलू म्हणाला, "साहेब, दारवेबरोबर कांदो खातत. दारवेत बुडवून कोण ठेवता?"

हवालदाराने जरा विचार केला आणि स्वतःच बूच लावून दिलं!

*

बी.एस्सी.च्या परवानगीसाठी विद्यापीठाची कमिटी आली त्या दिवशी चहा-फराळ माझ्याकडे होता, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आंबोली घाटात दरड कोसळली आणि सकाळी यायचे कमिटीचे साहेब दुपार कलल्यावर पोचले. बूट भिजलेले, कपाळाला आठ्या.

"विकतच्या स्लाइडी मी पुष्कळ पाहिल्यात. विभागणारी पेशी दाखवा. विद्यार्थ्याने माझ्यासमोर केलेल्या स्लाइडवर."

त्यांनी नेमकं कुसुमकडे बोट केलं. तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं, इथे वर्ग निघाला तर शिक, नाहीतर पुरे.

ह्यांनी सकाळीच कापून स्पिरिटात ठेवलेली मुळं तिच्यापुढे ठेवली आणि दोन पावलं मागे सरले. तिने टोक रंगवलं, दिव्यावर ऊब दिली, वर काच ठेवून टिपकागदावरून अंगठ्याने दाबली, कडेने मेण फिरवलं. तिचा अंगठा स्थिर होता. मी मात्र एकाच कपात दोनदा साखर घातली!

साहेबांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, तो काढीचनात. "साहेब, चहा..." प्रिन्सिपॉल म्हणाले. साहेबांनी नुसता हात हलवला.

"गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी... आणि ही बघा, ही दोन्हीकडे निघाली!" ते स्वतःशीच म्हणाले. मग मान वर करून कुसुमला विचारलं, "तू पुढे काय करणार?"

"तां तुमच्या हातात आसा, सर." गडबडीत ती मालवणीतच बोलली.

साहेबांनी चष्मा पुसला. "ही स्लाइड पुसू नका. जूनमध्ये बी.एस्सी.च्या वर्गाला पहिली हीच दाखवा."

प्रिन्सिपॉल खुर्चीत बसलेच. कुसुमने पदर तोंडाला लावला.

हे मात्र अगदी गंभीरपणे म्हणाले, "नाही टिकायची, साहेब. मेणाची कड आठवड्यात सुटते!"