मामाची वीत, माझी वीत

बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते. आई मोहाडीच्या बाजारात मासोळी विकायची, आणि विक्री झाली नाही तर सांजेला भाताबरोबर मिरचीच. त्या घराला मामाने हात दिला, आणि तोही मोजून. कारण कोणती वस्तू कशात बसेल हे आपल्या हाताने मोजल्याशिवाय न मानणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच, माझा मामा. मासे धरायच्या जाळ्याचा डोळा, म्हणजे भोक, किती बोटांचा, यावर त्याचं आयुष्य गेलेलं. छापलेल्या आकड्यावर त्याचा विश्वास नाही. मामीला बघायला गेला तर आधी तिची उंची डोळ्याने घेतली आणि सासऱ्याला म्हणाला, पोरगी आमच्या दारातून न वाकता जाते, सोयरीक पक्की. "दार पाहिलं, मले पाहिलंच नाही," असं मामी अजून ऐकवते. मला होस्टेलला सोडायला आला, तेव्हा पेटी खाटेखाली बसते का ते बघायला वॉर्डनबाईंसमोर खाटेखाली शिरला. पाय तेवढे बाहेर. मी त्या दिवशी त्याला ओळख दाखवली नाही, हे आता कबूल करते.

मी पदवी घेतली, आमच्या खानदानात पहिली. मग नागपूरच्या एका कंपनीने कळवलं: आमचे गेम बाजारात येण्याआधी खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, आठवडाभर काम पाहू, सोमवारपासून, कॉम्प्युटर मात्र तुमचा आणि दणकट. मामाने विचारलं, हरली तर काढून टाकतात काय?

मी त्याला समजावलं की प्रोसेसर त्याच्याच जातीच्या मदरबोर्डवर बसतो, रॅमही बोर्डाला चालेल तीच लागते आणि ग्राफिक्स कार्डाची भूक पॉवर सप्लायला झेपली पाहिजे. मला वाटलं, डोक्यावरून गेलं. तो म्हणाला, "म्हणजे जाळ्यासारखंच. डोळा मासोळीले पायजे, शिसं पाण्याले पायजे, अन् दोर ओढणाऱ्याले."

जवळच्या शहापूरच्या एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासमधून मी जुना कॅबिनेट आणला आणि बाकीचे भाग बसवत बसले. कार्ड तेवढं राहिलं होतं. मामा जाळ्याचा धागा आणायला शनिवारी नागपूरला चाललाच होता, त्याच्या खिशात मी चिठ्ठी घातली. दुकानातून त्याचा फोन आला. चिठ्ठीतलं कार्ड संपलं होतं. त्याच ताकदीची दुसरी तीन होती, तिन्ही वेगळ्या लांबीची. आत जागा किती? मी सेंटिमीटर सांगू लागले, तर म्हणाला, बोटांत सांग. मी कॅबिनेटमध्ये हात घालून मोजलं आणि सांगितलं, एक वीत अन् चार बोटं.

त्याने बरोब्बर एक वीत अन् चार बोटं लांब कार्ड आणलं. रविवारी सकाळी ते बसवायला घेतलं, तर तीन बोटं बाहेर. मी दुकानदाराला शिव्या दिल्या, मग कॅबिनेटला. दुसऱ्या दिवशी काम सुरू, आणि दुकान रविवारी बंद. मी रडायच्या बेतात.

मामाने माझा पंजा धरून आपल्या पंजावर ठेवला. दोर ओढून फुगलेल्या त्या हातावर माझा हात लहान पोराचा वाटत होता.

"पंधरा वर्षं शिकली तू," तो म्हणाला, "पण वीत कोणाची, ते नाही सांगतलं."

आई पदराआड हसत होती. मामाने कॅबिनेटमध्ये डोकावून पाहिलं. पुढच्या बाजूला जुन्या हार्डडिस्कसाठीचा रिकामा पत्र्याचा पिंजरा होता. हा कायले पायजे, त्याने विचारलं. कायलेच नाही, मी म्हणाले. मग सगळे भाग मी पुन्हा काढून ठेवले, त्याने आरीच्या पानाने पिंजरा कापला, कानस मारली, आणि माझा हात कापू नये म्हणून पत्र्याच्या काठाला जाळ्याचा धागा गुंडाळला. कार्ड बसलं. सोमवारी सकाळी पडदा उजळला, तेव्हा मामा शेजारी मांडी घालून होता.

गेममध्ये एक नदी होती. मी रस्ते, दारं, तलवारी तपासत होते. मामाने पडद्यावर बोट ठेवलं. "हे पाणी डोंगराकडे चढून राहिलं."

खरंच चढत होतं. माझ्या यादीतली ती पहिली चूक.

काम पाहून कंपनीने मला ठेवून घेतलं आणि महिन्याभरात नागपूरला बोलावलं. मामा मला सोडायला बसस्टँडपर्यंत आला. तू पण चल, मी म्हटलं. तिथे माझं काय काम, म्हणाला, आणि बस हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. त्यानंतर तो माझ्याकडे राहायला एकदाही नागपूरला आला नाही. मीच सणावाराला जाते.

आमच्या घरात दर महिन्याला पगार आणणारं पहिलं माणूस मी झाले.