आठ दिवस चालवून बघ

माणसाची पाठ, माणसाचा स्वभाव आणि माणसाचा संसार या तिन्ही गोष्टी सायकलच्या हँडलची मान किती लांब आहे यावर ठरतात, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या पालघर तालुक्यात एकच होता. बोईसर स्टेशनात जन्मभर तिकिटं देऊन ते निवृत्त झाले. मागेपुढे कोणी नव्हतं, म्हणून पाम गावाच्या रस्त्याला एक खोली घेऊन एकटेच राहिले. सगळे त्यांना तिकीटकाका म्हणत. मान म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर येऊन हँडलला पुढे धरणारा तो वाकडा लोखंडी दांडा. ताडमाड माणसालाही तोच आणि माझ्यासारख्या बुटक्यालाही तोच! आम्ही चळवळीतले लोक असल्या प्रकाराला सरळ अन्याय म्हणतो. काका नुसतं म्हणत नसत, पाना घेऊन उठत. शिकाऱ्याच्या बंगल्यात सांबराची शिंगं असतात तशी त्यांच्या भिंतीवर आखूड-लांब मानेची हँडलं टांगलेली होती, सगळी पालघरच्या भंगारातून निवडलेली.

तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं आणि रस्त्यावर सायकलींची रीघ लागली. काकांना जणू देव पावला. भर रस्त्यात आडवे होऊन ते ओरडत, "थांबा! वटवाघळासारखे लोंबताय!" कामगार हात जोडत, "चाचा, जाने दो, ड्यूटी है." सालवडचा एक भाजीवाला तर वैतागून म्हणाला, "काका, आमी काय तक्रार केली हाय का? मागं टोपली हाय, वांगी सुकतात माझी!" काका कडाडले, "तक्रार नाही हीच तर तक्रार आहे!" हे वाक्य मी पुढच्याच पत्रकात ठळक अक्षरांत घातलं.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तेव्हा प्रकल्पापायी घरं हललेल्या लोकांची पत्रकं वाटत गावोगाव फिरत होतो, आणि मनगटं बधिर झालेली होती. "कोपर सीटच्या टोकाला लाव," काकांनी फर्मावलं. "आता बोटं सरळ कर. हँडलला टेकली का? हवेत! चार बोटं कमी! आणि हा निघालाय सरकारला वाकवायला. स्वतः आधी वाकून चालवतोय." ब्रेकच्या सळ्या सोडवून त्यांनी भिंतीवरचं आखूड मानेचं हँडल बसवलं, वर चहा पाजला आणि म्हणाले, "आठ दिवस चालवून बघ, मग दाखवून जा. पहिल्या दिवशी माप कळत नसतं. अंगाला पटायला वेळ लागतो."

हे ते प्रत्येकाला सांगत. दाराशी दोन कप धुऊन पालथे घातलेले असत. एक त्यांचा, दुसरा आठ दिवस संपलेल्या माणसाचा. तो माणूस कधी यायचा नाही. कारण, आणि याचा मला आजही संताप येतो, काकांचं माप पहिल्याच दिवशी अचूक बसायचं! ज्याची पाठ दुखते तो परत येतो. ज्याची दुखायची राहिली तो शीळ घालत समोरून निघून जातो, फार तर घंटी वाजवतो. घंटीला काका हात वर करत आणि सायकल दिसेनाशी होईपर्यंत तो खाली घेत नसत. पाम-सालवडच्या तमाम सुखी सायकलस्वारांचा मी इथे जाहीर निषेध करतो.

मी मात्र आठ दिवसांनी गेलो, आणि खोटं बोललो. "खांदा दुखतो, काका." त्यांचा चेहरा असा उजळला की मी पुढच्या आठवड्यात मान आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात पाठ दुखवून घेतली. ज्याने कलेक्टरच्या तोंडावर खरं सांगितलं, तो मी! दर खेपेला काका भिंतीवरची हँडलं उतरवून बघत, खुडबुड करत, आणि सांगत, "अर्धं बोट आखूड केलंय बघ." घरी येऊन पाहिलं की हँडल तेच, त्यावरचा ओरखडाही तोच. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

शेवटी एका संध्याकाळी मला हे नाटक सहन होईना. दारात सायकल लावली आणि सांगून टाकलं, "काका, काहीच दुखत नाही. नुसताच आलोय."

पाना त्यांच्या हातात तसाच राहिला. नुसत्या आलेल्या माणसाचं काय करायचं, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांनी दुसरा कप सुलटा केला, परत पालथा घातला. रस्त्यावरून कोणी तरी घंटी वाजवत गेलं; त्यांनी हात वर केला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आलाच आहेस, तर एकदा बघून घेऊ?"

"घेऊ," मी म्हटलं, आणि कोपर सीटच्या टोकाला लावून बोटं सरळ केली.