धवलेरीचा गळा

संस्थान विलीन झालं आणि जव्हारचा दवाखाना सरकारी झाला. पाटी बदलली, औषधांची कपाटं तीच राहिली आणि बहुतेक रिकामीच राहिली. मी तिथे नर्स होते. माझी जीभ तिखट, हे सगळा तालुका जाणून होता. पण मी ज्या गोष्टीची अजून लाज बाळगते, ती माझ्या गोड बोलण्यानं घडली.

ती पोशेऱ्याची धवलेरी. वारल्यांचं लग्न भटजी लावत नाही, गाणी म्हणत धवलेरी लावते. वय तिशीच्या आतलं, पदरी दोन पोरं. दवाखान्यात आली ती तोंडावर पदर घट्ट धरून. सोडेना, तेव्हा मी तो ओढलाच. हनुवटीवर दाढी होती, चांगली राठ.

पाळी वर्षभर आली नव्हती. छाती बसली होती, कपाळावरचे केस मागे हटले होते आणि आवाज बाप्याचा झाला होता. लग्नाला तिला कुणी बोलवेना. गावात दबक्या आवाजात भूताळी, म्हणजे चेटकीण, म्हणू लागले होते, आणि भूताळी ठरलेल्या बायकांच्या जखमा मी धुतलेल्या होत्या.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. डाव्या अंगाला खाली कांद्याएवढी गाठ लागली. शिकत असताना अशी एकच पाहिल्याचं ते म्हणाले. मग मला बाजूला घेऊन सांगू लागले, "गर्भात मुलगा की मुलगी ठरायच्या आधी अंडाशय आणि वृषण एकाच मुळातून घडत असतात. त्या मुळातल्या पेशी बाईच्या अंडाशयातही असतात. क्वचित त्यांची गाठ होते आणि ती पुरुषाचा स्राव रक्तात सोडते. वेळेत काढली तर बाई बहुधा वाचते, नाहीतर ती पोटात पसरू शकते. काढल्यावर पाळी येईल, दाढी विरळ होईल. आवाज मात्र परत येणार नाही, घसा एकदा बदलला तो बदलला. हे तिला नीट सांगा."

पोट फाडायचं नाव काढलं की ती उठून चालू लागायची. तिसऱ्या खेपेला तिनं एवढंच विचारलं, "बाई, गाठ काढली का माजा गला येल?"

"येईल," मी म्हणाले. "सगळं पहिल्यासारखं होईल."

ती मुंबईला गेली. तिथून डॉक्टरांना पत्र आलं. गाठ कापून काचपट्टीवर पाहिली, तर तिच्यात वृषणात असतात तशा बारीक नळ्या दिसल्या होत्या. डॉक्टर दिवसभर खुशीत होते. मीही होते, खोटं कशाला बोलू.

ती परतली, पाळी सुरू झाली, दाढी कमी झाली. भूताळी म्हणणारे गप्प झाले. पण दर लग्नसराईच्या तोंडावर ती दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायची. "कदी येल?" विचारायची, आणि मी धीर धर म्हणायचे. दरम्यान गावानं दुसरी धवलेरी केली होती. तिला गाणी हिनंच शिकवली, नुसती बोलून.

तिसऱ्या वर्षी पोराला खोकला झाला म्हणून ती आली. औषध भरता भरता तिनं पुन्हा तेच विचारलं. माझ्याच्यानं राहवेना.

"येणार नाही," मी म्हणाले. "मला तेव्हाच ठाऊक होतं."



"तवा सांगतीस त मी नसते गेले."

"म्हणून तर सांगितलं नाही. मेली असतीस."

"मेले असते," ती त्याच जाड आवाजात म्हणाली. "धवलेरी म्हनून मेले असते."

मला तिचा राग आला. जीव वाचवला होता मी तिचा. मग तो राग कुठे ठेवावा ते कळेना. तिनं पोराला काखोटीला मारलं आणि ती पायऱ्या उतरून गेली. भरलेली बाटली टेबलावरच राहिली. संध्याकाळी मी ती दुसऱ्या कुणाच्या पोराला देऊन टाकली.