राक्षसाची कवळी

दातांच्या दवाखान्यात खुर्चीत बसलं की डॉक्टर पहिल्यांदा काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. "आ करा." आमच्या डॉक्टरीणबाई तसं म्हणत नसत. तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढायची, मान जराशी तिरकी करायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "आधी जरा बोला."

"काय बोलू?" माणूस गोंधळायचा.

"काहीही. घरी काय चाललंय ते सांगा."

मग कुणी ऊसतोडीचं सांगायचं, कुणी सुनेचं. हळदीच्या पेठेतला एक व्यापारी एकदा असा रंगला, की दुखणारी दाढ कुठली तेच विसरला. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"दात म्हणजे नुसता अडकित्ता आहे का गं?" त्या मला म्हणायच्या. "माणूस निम्मा दातांनी बोलतो. आणि दुखतंय कुठं ते जिभेला बरोबर कळतं. ती तिथनं वळसा घालून जाते."

सांगलीतल्या त्यांच्या दवाखान्यात मी बरीच वर्षं कामाला होते. नावं लिहून घ्यायची, हत्यारं उकळायची, रडणाऱ्या पोरांचे हात धरायचे. बाई मूळच्या साताऱ्याच्या. लग्न केलेलं नव्हतं. पेशंटना गोड, तिखट, चिकट, सगळ्याची बंदी घालायच्या आणि दुपारी स्वतः भडंग खात बसायच्या. कुणाची चाहूल लागली की पुडा सरळ माझ्या ड्रॉवरमध्ये. भडंगाचा वास काही ड्रॉवरमध्ये जात नसे, पण ते त्यांना कोण सांगणार?

अशाच एका दुपारी जत तालुक्यातल्या एका खेड्यातून एक म्हातारा आला. उंच, काळा, डोक्याला रुमाल. त्याच्या मागून त्याची बायको आली आणि दाराशीच उभी राहिली. म्हाताऱ्याच्या तोंडात कवळी होती, कुठंतरी स्वस्तात बसवून घेतलेली.

"जरा बोला, मामा," बाई म्हणाल्या.

"मी बोलतोय की झ्याक, बाई. भाकरी बी चावती. पर राक्षस बोलंना झालाय."

बाईंनी डोळे उघडले. "कोण राक्षस?"

"माजा. आन राणी बी बोलंना. बाहुल्यांचा खेळ करतो आमी, कळसूत्री. माज्या बापाचा खेळ. समदी सोंगं मीच बोलतो. आता दात गेलं तवापास्नं राणी बोबडी झालीया. लोक हसत्यात. रडायच्या जागी हसत्यात, बाई."

"आणि राक्षसाचं काय?"

"त्येचं हे आसं," म्हणून म्हातारा राक्षसासारखा गडगडाटी हसला. पहिल्याच हसण्याला खालची कवळी तोंडातून उडाली आणि हत्यारांच्या ट्रेमध्ये जाऊन पडली. बाहेर बाकावर बसलेली माणसं खो खो हसायला लागली. मलाही आवरेना. म्हातारा मात्र रिकाम्या तोंडाने खाली बघत राहिला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी कवळी उचलली, नळाखाली धुतली आणि त्याच्या हातात दिली. म्हणाल्या, "उद्या राक्षसाला घेऊन या, मामा. राणीलाही आणा. त्यांना बघितल्याशिवाय मला माप कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी नवराबायको पत्र्याची ट्रंक घेऊन हजर झाली. खुर्चीवर जो दिवा असतो, त्याच्या दांड्याला बाईंनी राणी टांगली आणि शेजारी राक्षस. हातभर उंचीच्या लाकडी बाहुल्या, रंग उडालेला, राणीच्या नाकातली नथ मात्र खरी. त्या दिवशी एका कॉलेजच्या पोरीने खुर्चीत बसायलाच नकार दिला. राक्षस आपल्याकडे बघतोय म्हणाली.

कवळी कशी करतात ते थोडक्यात सांगते. मेणावर दात रचतात, तोंडात बसवून बघतात, ठीक वाटलं की मग पक्की करतात. बहुतेक डॉक्टर चावायला लावून बघतात. बाई म्हाताऱ्याला खेळ करायला लावायच्या. "फ" नीट येईना तेव्हा त्यांनी पुढचे दात जरा आत घेतले. "स"ला शिट्टी वाजायला लागली, तेव्हा टाळूकडचा भाग झिजवला. पुन्हा मेण, पुन्हा साचा. मध्येच म्हातारा कंटाळायचा, "ऱ्हाऊ द्या, बाई. लय झालं. माणसासारखं बोलाय येतंय, तेवढं पुरं हाय."

"माणसासारखं बोलायला माझ्याकडे कशाला आलात?" बाई विचारायच्या आणि पुन्हा कानस हातात घ्यायच्या.

राक्षस लवकर जमला. राणी जमेना. आणि ती जमली की नाही हे ठरवणार कोण? बाईंनी आधीची राणी ऐकलेली नव्हती, म्हाताऱ्याला स्वतःचा आवाज आतून ऐकू यायचा. शेवटी बाईंनी त्याच्या बायकोला दारातून आत आणून स्टुलावर बसवलं. ती जन्मभर त्याच्या शेजारी बसून झांज वाजवत आलेली. म्हातारा राणीचं एखादं वाक्य बोलायचा आणि बाई तिच्याकडे वळायच्या.

"काय मामी?"

"न्हाई," मामी मान हलवायची. "ही दुसरीच कोन तरी बाई हाय."

पुढच्या खेपेला, "जवळ आलीया. पर आपली न्हवं."

जत्रा तोंडावर आल्या होत्या. गावोगावची बोलावणी एकेक करून दुसऱ्याच करमणुकीला जात होती. म्हातारा आता ट्रंक उचलायच्या आधी उरलेल्या जत्रा बोटांवर मोजायचा. बाई दवाखाना बंद झाल्यावर मागच्या खोलीत साचे घेऊन बसायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, एका कवळीसाठी एवढं?" त्या म्हणाल्या, "एका कुठं? त्याच्या तोंडात अख्खं गाव आहे."

मग एक दिवस त्यांनी मेणाची नव्हे, तर पक्की कवळीच त्याच्या तोंडात बसवली. म्हाताऱ्याने जिभेने ती चाचपली, दिव्याच्या दांड्यावरून राणी उतरवली, दोऱ्या बोटांत घेतल्या. राणी माझ्या टेबलावर उभी राहिली, दोन पावलं चालली, आणि बारीक, धारदार, जरा नखरेल आवाजात तिने हाक मारली, "अगं दासी! कुठं मेली?"

"आले, आले, बाईसाहेब!" स्टुलावरून मामी एकदम ओरडली.

मग मामीने पदर तोंडाला लावला. खेळात दासीचं हे उत्तर तीच द्यायची, आणि म्हाताऱ्याचे दात गेल्यापासून तिने ते एकदाही दिलेलं नव्हतं. बाईंनी तिला "काय मामी?" असं विचारलंच नाही. त्या हात धुवायला गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

त्या वर्षी राणी पुन्हा जत्रांमधून फिरली. पुढेही काही वर्षं फिरली. नंतर बोलावणीच येईनाशी झाली. तेव्हा म्हातारा पुन्हा ट्रंक घेऊन आला. "पोरं म्हनत्यात, इकून टाका. इकाय मन हुईना. तुमीच ठिवून घ्या, बाई. तुमच्याकडं त्यास्नी वळखत्यात."

बाईंनी दवाखाना बंद करून साताऱ्याला भावाकडे जायचं ठरवलं, तेव्हा सामानात दातांच्या हत्यारांपेक्षा बाहुल्या जास्त होत्या. एव्हाना बाई गावोगाव फिरून, खेळ बंद पडलेल्या कलावंतांकडे जाऊन बसत आणि त्यांच्या बाहुल्या घेऊन येत. भावाच्या घरातल्या दोन खोल्यांत त्यांनी संग्रहालय मांडलं. मी सांगलीहून एस.टी.ने ते बघायला गेले. तुम्ही गेलात तर तुम्हालाही दिसेल, प्रत्येक काचेच्या कपाटाखाली एक बटण आहे. दाबलं की ती बाहुली तिचा खेळ करणाऱ्याच्याच आवाजात बोलते. हे सगळे आवाज बाईंनी स्वतः जाऊन टिपून आणलेले.

"बाहुली काय, कुणीही काचेत ठेवेल," त्या मला म्हणाल्या. "पण मुकी ठेवली तर ते फक्त लाकूड."

शेजारचे एक निवृत्त सुभेदार रोज संध्याकाळी येऊन राक्षसाचं बटण दाबत. बाई त्यांच्यावर लटकंच रागावत, "सुभेदार, त्याला जरा विश्रांती द्या की!" सुभेदार म्हणत, "आवं बाई, घरात आता आमच्यावर कोन वरडत न्हाई. हितं तेवढं बरं वाटतंय." मला त्या दिवशी बाई दवाखान्यातल्यापेक्षा तरुण वाटल्या.

गेल्या वर्षी त्या गेल्या. आजारी पडल्याचं कुणाला फारसं कळवलंही नव्हतं. तेराव्याला मी साताऱ्याला पोहोचले तेव्हा अंगणात मंडळी बसली होती, आणि दाराशी जतचं ते जोडपं उभं होतं. म्हातारा आता काठीवर आला होता. त्याने बाईंच्या भाचीला विचारलं, "कपाट उघडता का, ताई? आज एक खेळ करायचा हाय."

भाचीने कुलूप काढलं. म्हाताऱ्याने दोऱ्या झटकल्या, गाठी सोडवल्या. मामीने झांज पदराने पुसली. अंगणात चादर बांधून त्यांनी अख्खा खेळ केला. राजा बोलला, राक्षस गरजला, राणी रडली. माईक नव्हता, तरी फाटकाशी उभ्या असलेल्या माणसांनाही शब्द न् शब्द ऐकू गेला. राणीच्या रडण्याला कुणी हसलं नाही. सुभेदार तर उघड उघड डोळे पुसत होते.

खेळ संपल्यावर म्हाताऱ्याने एकेक बाहुली आपल्या हाताने जागच्या जागी ठेवली, कपाटं लावली आणि बाईंच्या फोटोसमोर येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. ओठ नुसते हलले. एवढी सोंगं बोलणारा माणूस, त्याला स्वतःचा शब्द सापडेना.

शेवटी मामीने त्याच्या दंडाला धरलं, दुसऱ्या हाताने फोटोला नमस्कार केला.

"येतो आमी, बाई," ती म्हणाली, आणि दोघं हळूहळू फाटकाकडे चालायला लागली.